बाई, बंदूक बिघडली तर?

बालमित्रांनो, आमची शाळा सातारा जिल्ह्यात आहे. सातारा म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे कंदी पेढे येतील, नाहीतर कासच्या पठारावरची फुलं येतील. पण या जिल्ह्याची आणखी एक ओळख आहे बरं का! इथल्या कितीतरी घरांतला एक तरी माणूस फौजेत असतो. अपशिंगे नावाच्या गावाला तर लोक 'मिलिटरी अपशिंगे' असंच म्हणतात.

मागच्या वर्षी चित्रकलेच्या तासाला मी चौथीच्या मुलांना 'माझ्या घरातलं माणूस' हा विषय दिला. कुणी चुलीजवळची आजी काढली, कुणी ट्रॅक्टरवरचे काका. एका मुलीनं बर्फात उभे असलेले तिचे पप्पा काढले. पण गंमत अशी, की पप्पा एवढेसे आणि त्यांच्या हातातली बंदूक केवढी मोठी! मी म्हटलं, "अगं, पप्पांपेक्षा बंदूक मोठी कशी?" ती म्हणाली, "बंदूक चांगली असली की पप्पांना काही होत नाही." मग रंगीत खडू खाली ठेवून तिनं हळूच विचारलं, "पण बाई, बंदूक बिघडली तर?"

खरं सांगते, मला उत्तर देता येईना. डी.एड.ला मला पाढे कसे शिकवायचे ते शिकवलं, बंदुकीचं कुणी शिकवलं नव्हतं. मी म्हटलं, "शोधून सांगते." मग पुस्तकं वाचली, गावातल्या निवृत्त सुभेदारांकडे दोन संध्याकाळी जाऊन बसले. जे कळलं ते आधी त्या मुलीला सांगितलं. आज तुम्हांला सांगते.

पन्नास कुलपं आणि एक पाहुणा

आधी थोडं मागे जाऊ या. फार पूर्वी प्रत्येक बंदूक कारागीर हातानं घडवायचा. एकेक भाग कानशीनं घासून बसवायचा. त्यामुळे एका बंदुकीचा भाग दुसरीला बसत नसे. लढाईत एखादा भाग मोडला, की ती बंदूक म्हणजे नुसती काठी! कारागिरानं नवा भाग घासून देईपर्यंत शिपाई हात चोळत बसणार.

फ्रान्समध्ये ऑनोरे ब्लाँ नावाचा एक बंदूक कारागीर होता. त्याच्या मनात आलं, सगळे भाग अगदी एकाच मापाचे केले तर? १७८५ साली त्यानं अमेरिकेचे तिथले वकील थॉमस जेफरसन यांना आपल्या कारखान्यात बोलावलं. हेच जेफरसन पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झाले. बंदुकीत ठिणगी पाडणारी जी यंत्रणा असते तिला तेव्हा 'लॉक' म्हणत. ब्लाँनं अशी पन्नास लॉक सुटी करून त्यांचे भाग वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवले होते. जेफरसन यांनी हाताला येईल तो भाग उचलून स्वतः काही लॉक जोडली आणि काय आश्चर्य! सगळी नीट जुळली.

आज तुमच्या सायकलची चेन तुटली तर तुम्ही दुकानात जाता, त्या मापाची चेन घेता आणि बसवता. यात आपल्याला काहीच विशेष वाटत नाही. पण त्या काळी ही जादूच होती. कुठलाही भाग कुठल्याही बंदुकीला बसायला हवा, ही आपल्या गोष्टीची पहिली पायरी.

१९६२चा धडा

आता आपल्या देशात येऊ. १९६२ साली चीननं आपल्यावर आक्रमण केलं. त्या वेळी आपल्या बहुतेक जवानांच्या हाती .३०३ची जुनी रायफल होती. वाचताना 'थ्री नॉट थ्री' म्हणायचं. ही रायफल होती मजबूत, नेमही चांगला. पण प्रत्येक गोळीनंतर हातानं बोल्ट मागे ओढायचा, पुढे ढकलायचा आणि मग पुढची गोळी झाडायची. समोरच्या सैन्याकडे मात्र आपोआप गोळी भरणाऱ्या बंदुका होत्या. कडाक्याची थंडी, उंच डोंगर, अंगात पुरेसे गरम कपडे नाहीत आणि हातात अशी रायफल. आपले जवान शौर्यात कुठेही कमी पडले नाहीत. पण शौर्याला साधनांची जोड लागते, हा कडू धडा देशाला मिळाला.

त्यानंतर आपल्या सैन्यात सेल्फ लोडिंग रायफल आली. जवान तिला लाडानं 'एसएलआर' म्हणत. बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्यात ती बनायची. ही रायफल पुढची गोळी स्वतःच भरून घ्यायची. कशी? तर गोळी सुटताना दारू जळून जो वायू तयार होतो, त्यातला थोडासा वायू एका बाजूच्या नळीत येतो आणि दट्ट्याला मागे ढकलतो. दट्ट्या बोल्टला मागे नेतो, रिकामं काडतूस बाहेर पडतं, स्प्रिंग बोल्टला पुन्हा पुढे आणते आणि येताना बोल्ट नवं काडतूस घेऊन येतो. सायकलच्या पंपाचा दट्ट्या तुम्ही पाहिलाय ना? तिथे आपण दट्ट्या दाबतो आणि हवा पुढे जाते. इथे उलटं, हवा दट्ट्याला दाबते!

दप्तराचं ओझं

एसएलआर जबरदस्त होती, पण जड. तिची ७.६२ मिलिमीटरची काडतुसंही जड. आता हे गणित सोडवा पाहू. तिचं एक काडतूस साधारण २४ ग्रॅमचं. जवानाला २०० काडतुसं न्यायची आहेत. वजन किती?

बरोबर, ४ किलो ८०० ग्रॅम! शिवाय रायफल, पाण्याची बाटली, जेवण, कांबळं, दोर, बॉम्ब. आणि हे सगळं घेऊन चढायचा डोंगर. तुम्हांला दप्तर जड होतं, तर जवानाचं दप्तर केवढं असेल!

दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, १९४४च्या सुमारास जर्मनीत एक वेगळ्या तऱ्हेची बंदूक आली. अभ्यासकांच्या लक्षात आलं होतं, की बहुतेक लढाया तीन-चारशे मीटरच्या आतच होतात. मग किलोमीटरभर जाणारी दणकट गोळी कशाला? थोडं लहान काडतूस घ्या. म्हणजे खांद्याला धक्का कमी बसेल, ओझं कमी होईल आणि हवी तर एकेक गोळी, हवी तर भराभर गोळ्या झाडता येतील. अशा बंदुकीला 'असॉल्ट रायफल' म्हणतात. रशियाच्या मिखाईल कलाश्निकोव्ह यांची जगप्रसिद्ध एके-४७ त्याच जातीची.

पुढे पाश्चात्त्य देशांनी ५.५६ मिलिमीटरचं आणखी लहान काडतूस निवडलं. ५.५६ मिलिमीटर म्हणजे किती? तुमच्या कंपासपेटीतली पेन्सिल जेवढी जाड असते, त्याहूनही बारीक! या काडतुसाचं वजन साधारण १२ ग्रॅम. म्हणजे २०० काडतुसांचं झालं २ किलो ४०० ग्रॅम. ओझं थेट निम्मं! गोळी लहान, पण वेग मोठा. सेकंदाला सुमारे ९०० मीटर. आवाज हवेत सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. म्हणजे बंदुकीचा आवाज कानावर येण्याआधीच गोळी पुढे निघून गेलेली असते.

मोटर एकच, भांडी तीन

तुमच्या घरी मिक्सर आहे का? त्याची मोटर एकच असते, पण भांडी तीन. एकात चटणी, एकात इडलीचं पीठ, एकात मसाला. तीन कामांना तीन यंत्रं घ्यायची तर पैसे किती जातील, ओट्यावर जागा किती लागेल आणि तिन्ही बिघडली की तीन प्रकारचे सुटे भाग शोधत फिरावं लागेल! आईनं शहाणपणानं एकच मोटर घेतली.

बंदुकीच्या बाबतीतही असंच करता येईल, हे अमेरिकेतल्या यूजीन स्टोनर नावाच्या अभियंत्यानं ओळखलं. त्यानं १९६३च्या सुमारास एक अशी बंदूक तयार केली, की मधला मुख्य भाग तोच ठेवायचा आणि नळी, दस्ता वगैरे भाग बदलायचे. कधी तिची रायफल व्हायची, कधी आखूड कार्बाइन, तर कधी मशिनगन. सुट्या घटकांची जुळणी करून हवी तशी बनवता येणाऱ्या अशा शस्त्राला 'मॉड्युलर' म्हणतात. मेकॅनोचे तुकडे जोडून तुम्ही कधी क्रेन करता, कधी पूल करता, तसंच हे.

आता अभिमानाची गोष्ट. आपल्या देशातलं हे काम कुठे झालं असेल? आपल्या पुण्यात! पुण्याच्या पाषाण भागात एआरडीई नावाची संशोधन संस्था आहे. संरक्षण संशोधन आणि विकास संघटनेची, म्हणजे डीआरडीओची ही प्रयोगशाळा १९५८ साली सुरू झाली. पिनाक अग्निबाणांची प्रणाली तिथलीच. १९८०च्या दशकात या संस्थेनं एका कुटुंबाचा आराखडा हाती घेतला. हो, कुटुंबच! थोरला भाऊ हलकी मशिनगन, मधला रायफल आणि धाकटा कार्बाइन. तिघांचं काडतूस एकच, ५.५६चं. बरेचसे भाग सारखे. रायफलीच्या मॅगझिनमध्ये २० काडतुसं, मशिनगनच्या मॅगझिनमध्ये ३०. पण गरज पडली तर मशिनगनचं मॅगझिन रायफलीलाही बसे. या कुटुंबाचं नाव इन्सास. इंडियन स्मॉल आर्म्स सिस्टीम या शब्दांवरून ते नाव पडलं.

इन्सासमध्ये आणखी दोन गमती होत्या. चाप एकदा दाबला की नेमक्या तीनच गोळ्या सुटतील, अशी एक सोय होती. का? तर सलग गोळ्या झाडताना नळी वर वर उचलली जाते आणि पुढच्या गोळ्या आभाळात जातात. तीनवर थांबवलं की नेम राहतो आणि काडतुसंही वाचतात. दुसरी गंमत मॅगझिनची. ते अर्धपारदर्शक प्लॅस्टिकचं होतं. किती काडतुसं उरली ते जवानाला बाहेरून दिसावं, म्हणून ही युक्ती. हे प्लॅस्टिक लक्षात ठेवा बरं का, पुढे त्याची गोष्ट येणार आहे.

१९९८च्या प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात इन्सास घेऊन जवान दिल्लीच्या राजपथावरून गेले. या रस्त्याला २०२२पासून कर्तव्यपथ म्हणतात. रायफली बनत होत्या ईशापूरला. तिची काडतुसं आपल्या जळगाव जिल्ह्यातल्या वरणगावच्या कारखान्यातही बनत. कुटुंबातला धाकटा भाऊ, कार्बाइन, मात्र मोठ्या संख्येनं लष्करात गेला नाही. तीन भावंडांपैकी एखाद्याला नोकरी उशिरा लागते, तसं!

खोबरेल तेलाची परीक्षा

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येऊ. बंदूक बिघडते का? बिघडते. आणि ती बिघडू नये म्हणून आधी तिला मुद्दाम छळून पाहतात.

नवी रायफल कागदावर काढली, नमुना तयार झाला, की तिच्या परीक्षा सुरू होतात. तुमची वार्षिक परीक्षा आठवड्यात संपते. हिची वर्षानुवर्षं चालते. तिला वाळूत लोळवतात, चिखलात बुडवतात, पावसात भिजवतात, उंचावरून पाडतात. तापवलेल्या पेटीत ठेवतात आणि गोठवणाऱ्या पेटीतही ठेवतात. हजारो गोळ्या झाडून पाहतात. कारण आपल्या देशात राजस्थानच्या वाळवंटात पारा पन्नास अंशांच्या जवळ जातो आणि सियाचीनच्या हिमनदीवर शून्याखाली चाळीस अंशांच्याही खाली उतरतो. एकाच रायफलीला दोन्हीकडे काम करायचं असतं.

थंडीत एवढं काय होतं, असं तुम्ही म्हणाल. पौष महिन्यात सकाळी खोबरेल तेलाची बाटली पाहिलीय ना? तेल गोठून पांढरं झालेलं असतं. आई बाटली उन्हात ठेवते तेव्हा कुठे वेणी घालता येते. बंदुकीलाही तेल लागतं. ते कडाक्याच्या थंडीत घट्ट झालं तर दट्ट्या आणि बोल्ट जड चालतात. धातू आकसतो. आणि प्लॅस्टिक? जुनी बादली थंडीत जरा आपटली की तडकते, तसं ते ठिसूळ होतं.

आता १९९९चं कारगिल आठवा. तुम्ही तेव्हा जन्मलाही नव्हतात. बर्फाळ शिखरांवर आपले जवान शत्रूशी लढत होते. इन्सास सैन्यात नवी नवी होती. त्या थंडीत तिची काही प्लॅस्टिकची मॅगझिनं तडकू लागली. काही रायफली अडकल्याच्याही तक्रारी आल्या. प्रयोगशाळेच्या परीक्षेत जे नीट दिसलं नाही, ते डोंगरावर दिसलं. आणि डोंगरावरच्या परीक्षेत नापास झालं, तर पुढच्या वर्षी पुन्हा बसता येत नाही.

हे वाचून वाईट वाटलं ना? मलाही वाटलं. मी सुभेदारांना विचारलं, "मग तुम्ही काय करायचा?" ते म्हणाले, "बाई, साफ करायचं. जेवायच्या आधी रायफल साफ करायची, मग आपले हात धुवायचे." पुढे इन्सासच्या तक्रारींवर दुरुस्त्या झाल्या, सुधारित नमुने आले आणि तिनं दोन दशकांहून अधिक काळ देशाची सेवा केली.

अशी फजिती फक्त आपलीच झाली असं समजू नका. अमेरिकेनं १९६०च्या दशकात व्हिएतनामच्या युद्धात एम-१६ ही नवी रायफल पाठवली. हिचा मूळ आराखडा त्याच स्टोनर यांचा. पण काडतुसांतली दारू नंतर बदलली गेली. तिची काजळी जास्त धरायची. शिवाय या रायफलीला फारशी सफाई लागत नाही, असा समज पसरला होता. सफाईचं सामानही पुरेसं दिलं गेलं नाही. ऐन लढाईत रायफली अडकल्या, सैनिक मेले. १९६७ साली अमेरिकेच्या संसदेच्या समितीनं चौकशी केली. मग नळीत काडतूस बसतं त्या जागेला क्रोमचा मुलामा दिला, सफाईचं सामान दिलं आणि रायफल कशी साफ करावी हे शिकवायला काय दिलं असेल? चित्रकथेचं पुस्तक! विल आइस्नर या नामवंत चित्रकारानं ते काढलं होतं. बघा, चित्रकथा वाचता म्हणून कुणी रागावलं, तर त्यांना ही गोष्ट सांगा.

सगळं एकात हवं!

प्रत्येकाला वाटतं, एकाच वस्तूत सगळं मिळावं. पेन्सिलीलाच खोडरबर, तिलाच पट्टी, तिलाच टोकयंत्र. २०११ साली आपल्या लष्करानंही अशीच एक मागणी मांडली. रायफल अशी हवी, की नळी बदलली की कधी ५.५६ची गोळी चालेल, तर कधी एके-४७ला लागते ती ७.६२ची. परदेशी कंपन्यांच्या रायफली चाचण्यांसाठी आल्या. पण एकही सगळ्या अटींत बसली नाही आणि २०१५ साली ती खरेदी रद्द झाली.

पाषाणच्या संस्थेनंही अशी एक बहुरूपी रायफल घडवली. २०१४ साली दिल्लीतल्या संरक्षण प्रदर्शनात ती लोकांनी पाहिली. नळी आणि काही भाग बदलले, की ती तीन वेगवेगळ्या मापांची काडतुसं चालवायची. कल्पना किती सुंदर! मग अडतं कुठे?

विचार करा. डोंगरावर दुसरी नळी हवी तर ती कुणीतरी पाठीवर वाहून न्यायला हवी. ओझं वाढलं. नळी बदलली की नेम नव्यानं जुळवायला हवा. वेळ गेला. जोड जेवढे जास्त, तेवढ्या सैल होण्याच्या जागा जास्त. मिक्सरचं भांडं नीट बसलं नाही की मोटर फिरतच नाही, हे तुम्हांला माहीत आहेच. शिवाय दोन प्रकारची काडतुसं पुरवायची तर पुरवठा करणाऱ्यांची तारांबळ. म्हणजे सुटे भाग बदलण्याची सोय फुकट मिळत नाही, तिची किंमत कुठेतरी मोजावी लागते.

आणखी एक उदाहरण पाहा. २०२२ साली अमेरिकेच्या लष्करानं ६.८ मिलिमीटरची नवी रायफल निवडली. गोळी जास्त दणकट, पल्लाही मोठा. पण काडतूस जड झालं. आधी सैनिक २१० काडतुसं नेत असे, आता १४० नेतो. अंथरूण तेवढंच आहे. पाय झाकायला गेलं की डोकं उघडं पडतं! आपल्या लष्करानंही तोलून-मापून निर्णय घेतला. ७.६२च्या दोन वेगळ्या रायफली निवडल्या. २०१९ साली सुमारे ७२ हजार अमेरिकी सिग-७१६ रायफलींचा करार झाला. २०२१च्या डिसेंबरात ६ लाखांहून जास्त एके-२०३ रायफलींचा करार झाला. या एके-२०३ उत्तर प्रदेशात अमेठी जिल्ह्यातल्या कोरवा इथे, रशियाच्या सहकार्यानं बनतात.

मग पाषाणचे शास्त्रज्ञ हात बांधून बसले का? मुळीच नाही. २०२१ साली 'अस्मी' नावाचं छोटं स्वयंचलित शस्त्र पुढे आलं. लेफ्टनंट कर्नल प्रसाद बनसोड या लष्करी अधिकाऱ्यानं त्याचा आराखडा केला. महूच्या इन्फंट्री स्कूलनं आणि पाषाणच्या संस्थेनं मिळून चार महिन्यांत ते घडवलं. म्हणजे ज्याला शस्त्र वापरायचंय तो आणि ज्याला ते घडवायचंय तो, दोघं एका टेबलाशी बसले! २०२४च्या जानेवारीत 'उग्रम' ही ७.६२ची रायफल पुण्यातच लोकांसमोर आली. तिचं वजन चार किलोंच्या आत. हैदराबादच्या एका खासगी कंपनीसोबत ती तयार केली होती. आणि आठवतो का तो धाकटा भाऊ, कार्बाइन? २०२५ साली लष्कराच्या कार्बाइनच्या स्पर्धेत पाषाणच्याच आराखड्याची, पुण्याच्या भारत फोर्जनं सादर केलेली कार्बाइन सर्वांत कमी बोलीची ठरली. धाकट्याला नोकरी उशिरा लागली, पण लागली!

एका म्हाताऱ्याचं पत्र

मुलांनो, एक गोष्ट सांगितल्याशिवाय हा लेख संपवता येणार नाही. गणपतीच्या जत्रेत टिकल्यांची बंदूक मिळते. तिचा 'फट्' असा आवाज ऐकून तुम्ही हसता. खरी बंदूक हसण्याची वस्तू नाही. तिच्या गोळीपुढे जो असतो, त्याच्याही घरी कुणीतरी त्याचं चित्र काढत असतं.

एके-४७ घडवणारे कलाश्निकोव्ह शेतकऱ्याचे पुत्र. १९४१ साली रणगाड्यावर लढताना ते जखमी झाले. आपल्या सैनिकांना चांगली बंदूक मिळावी, या ध्यासानं ते कामाला लागले. त्यांची बंदूक जगभर पसरली. सैनिकांच्या हाती गेली, तशी दहशतवाद्यांच्याही हाती गेली. २०१३ साली चौऱ्याण्णवाव्या वर्षी ते वारले. त्यानंतर त्यांचं एक पत्र छापून आलं. रशियन चर्चच्या प्रमुखांना त्यांनी ते लिहिलं होतं. माझ्या बंदुकीनं माणसं मेली, तर त्यांच्या मरणाचा दोष माझ्याकडे येतो का, हा प्रश्न म्हातारपणी त्यांना आतून कुरतडत होता.

या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही. आईबाबांनो, तुमच्याही मुलांनी तो विचारला तर घाईनं उत्तर देऊ नका. त्यांच्याशी बोला. देशाच्या सीमेवर पहारा लागतो हे खरं, आणि बंदूक चालवावी लागू नये असं प्रत्येक जवानाच्या घराला वाटतं, हेही तितकंच खरं. सुभेदार मला म्हणाले, "बाई, पहाऱ्यावरची सगळ्यांत चांगली रात्र कुठली? ज्या रात्री एकही गोळी उडवावी लागली नाही, ती."

मग उत्तर काय?

त्या मुलीला मी काय सांगितलं ते ऐका. मी म्हटलं, "बंदूक बिघडू शकते. कारण ती माणसानं केलेली आहे. पण तुझ्या पप्पांच्या हातात ती जाण्याआधी कुणीतरी तिला वाळूत लोळवलंय, बर्फात गोठवलंय, ती बिघडते का हे शंभर वेळा पाहिलंय. ज्यानं तिचा स्क्रू केला, ज्यानं स्प्रिंग तपासली, ज्यानं 'हे मॅगझिन चालणार नाही' असं स्पष्ट लिहिलं, ते सगळे जण पप्पांच्या शेजारीच उभे असतात. आपल्याला दिसत नाहीत, एवढंच."

ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "आणि त्यांनी नीट पाहिलंच नाही तर?"

पाहा मुलांनो, लेकरं कशी अचूक बोट ठेवतात! नीट पाहिलं नाही तर काय होतं, ते व्हिएतनामनं दाखवलं, कारगिलनं दाखवलं. म्हणून तर वहीत उत्तर पुन्हा एकदा तपासा, असं मी रोज सांगते. तुम्हांला ती बाईंची कटकट वाटते. पण उद्या तुमच्यापैकी कुणी पाषाणच्या प्रयोगशाळेत असेल, कुणी वरणगावच्या कारखान्यात, कुणी दवाखान्यात, कुणी एसटीच्या डेपोत ब्रेक तपासत असेल. तुमच्या एका 'बरोबर आहे' या खुणेवर दुसऱ्याचा जीव टांगलेला असेल. न पाहता खूण करायची नाही. एवढं एक आत्तापासून जमवायचं.

त्या मुलीनं नंतर चित्र पुन्हा काढलं. या खेपेला बंदूक लहान होती आणि पप्पा मोठे. त्यांच्या मागे चार-पाच माणसं ओळीनं उभी होती. कुणाच्या हातात पाना, कुणाच्या हातात पट्टी, एकीच्या डोळ्यांवर चष्मा.

मी विचारलं, "ही चष्मेवाली कोण गं?"

ती म्हणाली, "मी. मी तपासणार आहे."

ते चित्र आमच्या वर्गात फळ्याच्या शेजारी लावलेलं आहे. पप्पा दिवाळीच्या सुट्टीत घरी आले, तेव्हा शाळेत येऊन पाहून गेले.